हरणाऱ्यांचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वह्यांची पूजा होते. नव्या वहीवर हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा आणि जुनी वही फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची. त्या जुन्या वहीत नफा असतो तसा तोटाही असतो. पण पूजेला बसण्यापूर्वी तोट्याची पाने फाडून टाकणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. आपण मास्तर, कारकून, वकील, डॉक्टर मंडळी मात्र आयुष्याची वही लिहिताना नफा शाईने लिहितो आणि तोटा पेन्सिलीने. हेतू हा, की पुढेमागे तो खोडता यावा.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, वर्षभर शब्दांची आणि म्हणींची उस्तवार करणारा हा मराठीचा मास्तर दिवाळी अंकात थोडा वाट सोडून चालतो. यंदा मी पार अमेरिकेत जाणार आहे. तेही फुटबॉलच्या मैदानावर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा संघ हा आजचा विषय. हरण्याचा जमाखर्च इतक्या स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणारा दुसरा संघ क्वचितच सापडेल, आणि ती वही वाचण्यासारखी आहे.

हा खेळ आमच्या घरात शिरला तो चिरंजीवांच्या मोबाइलमधून. तिकडे शनिवारी सामने होतात, ते आपल्याकडे रविवारी सकाळपर्यंत रेंगाळतात. पोह्यांची बशी समोर घेऊन चिरंजीव पाहू लागले की जेवणाची पाने घेतली तरी सामना चालूच. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "किती वेळाचा असतो रे हा खेळ?" चिरंजीव म्हणाले, "साठ मिनिटांचा." तिने घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमच्या तासासारखाच दिसतोय. नाव पंचेचाळीस मिनिटांचं, आणि मुलांना वाटतं दिवस मावळला."

टोमणा माझ्यावर होता, पण प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. नाव फुटबॉल असले तरी यात पायाला काम थोडे आणि खांद्याला फार. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्यांच्या हाती त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे. असे सरकत सरकत पलीकडची रेघ ओलांडली की 'टचडाउन', त्याचे सहा गुण. वर लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला की आणखी एक. कबड्डीत जसा प्रत्येक दमाचा हिशेब वेगळा, तसा येथे प्रत्येक प्रयत्नाचा वेगळा. एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. मग सगळे उठतात, कपडे झटकतात, घोळका करून कानगोष्टी करतात, पुन्हा रांगा लावतात. पुढे फेकलेला चेंडू कोणी न झेलता जमिनीवर पडला की घड्याळ थांबते. गडी मैदानाबाहेर गेला की थांबते. कोणी विश्रांती मागितली की थांबते. मध्यंतर वीस मिनिटांचे. म्हणून साठ मिनिटांच्या सामन्याला सव्वातीन-साडेतीन तास लागतात. वेळ वाचवावा म्हणून २०२३ साली नियम बदलला. पूर्वी दहा यार्ड पुरे झाले की दर वेळी घड्याळ थांबे. आता प्रत्येक अर्ध्या डावाची शेवटची दोन मिनिटे सोडली तर ते चालू राहते. तरी पोह्यांपासून वरणभातापर्यंतचे अंतर काही फारसे कमी झालेले नाही.

ही साठ मिनिटे तरी पहिल्यापासून कुठे होती? कॉलेजाकॉलेजांतला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्या दिवशी एका बाजूला पंचवीस गडी होते. त्याला जत्रा म्हणावे की सामना, हा प्रश्नच आहे. पुढल्याच वर्षी, १८७० मध्ये, कोलंबिया रटगर्सविरुद्ध मैदानात उतरले. म्हणजे हा खेळ खेळणाऱ्या कॉलेजांत कोलंबियाचा क्रमांक तिसरा. १८७६ साली चार कॉलेजांनी एकत्र बसून नियम ठरवले, त्या बैठकीतही कोलंबिया होते. तेव्हा सामना नव्वद मिनिटांचा असे. १८९४ मध्ये तो सत्तर मिनिटांवर आला, १९०६ मध्ये साठवर, आणि १९१० मध्ये या साठ मिनिटांचे पंधरा-पंधराचे चार तुकडे झाले.

हे आकडे वाचायला निर्जीव वाटतात, पण प्रत्येक कपातीमागे कोणाची तरी हाडे मोडलेली आहेत. त्या काळी दहा-बारा धिप्पाड मुलांनी एकमेकांचे हात-कंबरा धरून भिंतीसारखे चालून जायचे, हीच खेळाची नीती होती. एकट्या १९०५ च्या हंगामात अठरा-एकोणीस तरुण मैदानावर दगावले, असा त्या वेळच्या वृत्तपत्रांचा हिशेब आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी केली. पुढल्या वर्षी नियम बदलले : चेंडू पुढे फेकून देण्याची मुभा मिळाली आणि वेळही दहा मिनिटांनी घटली. कोलंबियाने मात्र नियमांची वाट पाहिली नाही. १९०५ चा हंगाम संपताच त्यांनी खेळच बंद करून टाकला. दहा वर्षे त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघ नव्हता.

या दहा वर्षांत आपल्या घरचा एक धागा गुंतलेला आहे. १९१३ च्या जुलैत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा मराठी तरुण या विद्यापीठात दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर. १९१५ च्या जूनमध्ये त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या शरदात विद्यापीठाने फुटबॉल पुन्हा सुरू केला. विद्यापीठाच्या आवारात लो ग्रंथालय उत्तरेला आणि त्याच्या समोर दक्षिणेला साउथ फील्ड नावाचे मैदान. त्या मैदानावर दहा वर्षांनी शिट्टी वाजली आणि नव्या संघाने त्या हंगामातले पाचही सामने जिंकले. पुढच्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचण्यासाठी बाबासाहेब त्या वेळी टिपणे काढत होते. मैदान आणि ग्रंथालय यांच्यामध्ये अंतर हाकेचे होते. पण ज्याला तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीत एका समाजाचे देणे फेडायचे होते, त्याचे आसन ग्रंथालयात होते. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

दहा वर्षे कोरी पाने, मग पाचांपैकी पाच. या संघाच्या वहीचे वळण तेव्हाच ठरून गेले असावे.

जमेच्या बाजूची मोठी रक्कम १ जानेवारी १९३४ ची. कॅलिफोर्नियातल्या पासाडीना गावी 'रोझ बोल' नावाचा मानाचा सामना होतो, त्याला कोलंबियाला बोलावणे आले. समोर स्टॅनफर्डचा बलाढ्य संघ. न्यूयॉर्कची ही पुस्तकी मुले इकडे कशाला आली, असा एकंदर सूर होता. त्यातून आदल्या दिवसांत असा पाऊस लागला की मैदानाचे तळे झाले आणि पंप लावून पाणी उपसावे लागले. त्या चिखलात कोलंबियाने एक युक्ती केली. तिला त्यांच्या वहीत 'के-एफ ७९' असे नाव आहे. क्लिफ माँटगोमेरीने चेंडू अल बाराबासच्या हाती हळूच सोपवला आणि स्वतः दुसऱ्याला दिल्याचा बहाणा केला. सगळे स्टॅनफर्ड भलत्याच्याच मागे धावले आणि बाराबास एकटाच चेंडू घेऊन रेघेपार गेला. सामना ७-० असा कोलंबियाचा. आपल्याकडच्या गारुड्याने टोपलीवर फडके टाकून साप दुसरीकडेच काढून दाखवावा, त्यातला हा प्रकार.

तेव्हाचे प्रशिक्षक लू लिटल १९३० पासून १९५६ पर्यंत सत्तावीस हंगाम या संघाबरोबर राहिले. त्यांच्याकडे १९४० साली जॅक केरुआक नावाचा एक पोरगा धावपटू म्हणून आला होता. पहिल्याच वर्षी त्याचा पाय मोडला. पाय बरा झाला, पण प्रशिक्षकांशी जमले नाही; त्याने खेळ सोडला, आणि पुढे कादंबरीकार म्हणून नाव काढले. वाङ्मयाच्या मास्तराला हे वाचून बरे वाटते. प्रत्येक मोडलेल्या पायातून लेखक निघत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

जमेची दुसरी रक्कम २५ ऑक्टोबर १९४७ ची. अमेरिकन लष्करी अकादमीचा 'आर्मी' संघ तोवर सलग ३२ सामने अपराजित होता. मध्यंतराला आर्मी २०-७ ने पुढे. दुसऱ्या डावात कोलंबियाने दोन टचडाउन केले, दोन्ही वेळा जास्तीचा गुणही मिळवला, आणि सामना २१-२० असा एका गुणाने खेचला. गंमत अशी, की जनरल आयझेनहॉवर यांनी त्याच उन्हाळ्यात कोलंबियाचे अध्यक्षपद स्वीकारायचे कबूल केले होते, आणि ते स्वतः तरुणपणी आर्मीच्या संघातून खेळलेले. माहेर हरले आणि सासर जिंकले. नववधूने हसावे की रडावे?

येथे थोडे थांबून या खेळातल्या वेळेच्या आणखी दोन-तीन नोंदी सांगतो, कारण शेवटच्या मिनिटाचे मोल यांच्याइतके कोणाला कळत नाही. १६ नोव्हेंबर १९४० रोजी कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ सामन्यात शेवटच्या क्षणी कॉर्नेलने टचडाउन केला आणि ७-३ असा विजय मिळवला. मागाहून चित्रफीत तपासली तेव्हा दिसले की पंचांच्या मोजण्यात घोटाळा झाला होता. कॉर्नेलला चाराऐवजी पाच प्रयत्न मिळाले होते, आणि टचडाउन पाचव्या प्रयत्नात झाला होता. नियमाने निकाल बदलणे कोणाच्याच हाती नव्हते. कॉर्नेल तोवर सलग अठरा सामने हरलेले नव्हते. तरी त्यांनी डार्टमथला तार केली, की सामना तुमचा. वहीत आज तो ३-० असा डार्टमथच्या नावावर आहे. वह्या स्वच्छ ठेवायच्या म्हणजे काय, ते मला या तारेइतके नेमके कोणी सांगितलेले नाही.

२३ नोव्हेंबर १९६८ रोजी हार्वर्ड आणि येल हे दोन्ही अपराजित संघ भेटले. ४२ सेकंद उरली असताना येल २९-१३ ने पुढे होते. येलचे लोक रुमाल फडकावू लागले. त्या ४२ सेकंदांत हार्वर्डने सोळा गुण केले आणि सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने मथळा दिला : हार्वर्डकडून येलचा २९-२९ असा पराभव! गणिताच्या मास्तरांना हा मथळा चुकीचा वाटेल. पण ज्याने तो सामना सोसला त्याला विचारा.

तेव्हा बरोबरी ही बरोबरीच राही. १९९६ पासून मात्र सर्व सामन्यांना जादा डाव आले आणि निकाल लागेपर्यंत खेळणे भाग पडले. २०१८ च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम आणि लुइझियाना स्टेट यांचा सामना सात जादा डाव चालून ७४-७२ वर संपला; जवळजवळ पाच तास झाले होते. मुलांच्या अंगाची चाळण झाली, म्हणून नियम आखूड केले. त्या आखूड नियमांतही २३ ऑक्टोबर २०२१ रोजी इलिनॉय आणि पेन स्टेट नऊ जादा डाव खेळले. नऊ जादा डाव, आणि गुण किती? २०-१८. दोन शेजारणींनी तासभर भांडावे आणि शेवटी वाद दोन रुपयांचा निघावा, तसे झाले.

आता खर्चाच्या बाजूकडे येऊ, कारण खरी वही तिथेच आहे.

१९६१ साली कोलंबियाने आपल्या आठ विद्यापीठांच्या 'आयव्ही लीग'चे अजिंक्यपद हार्वर्डबरोबर वाटून घेतले. त्यानंतर उतरण लागली. या लीगमध्ये खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. मुलगा आधी विद्यार्थी, मग खेळाडू. कोलंबियाचे मैदानही वर्गांपासून दूर, मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला. १९८३ च्या हंगामाचे शेवटचे दोन सामने संघ हरला. १९८४ मध्ये नऊपैकी नऊ. १९८५ मध्ये दहापैकी दहा. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हार्वर्डविरुद्ध कोलंबिया १७-० ने पुढे होते. मग हार्वर्डने सलग ४९ गुण केले. नवे प्रशिक्षक जिम गॅरेट मुलांना जाहीरपणे नाही नाही ते बोलले, आणि एकाच हंगामानंतर गेले. त्यांचे मुलगेही कोलंबिया सोडून प्रिन्स्टनला गेले. १९८६ : दहापैकी दहा. १९८७ : दहापैकी दहा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नावावर ३४ सलग पराभवांची नोंद होती, तीही मागे पडली. वर्तमानपत्रे, विनोदी कार्यक्रम, सगळ्यांना फुकटचा खुराक मिळाला.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे, ती बोटांवर मोजून पाहा. १९८५, ८६, ८७ : तीन हंगाम, तीस सामने, तीस पराभव. जो मुलगा दुसऱ्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत याच तीन हंगामांत मुख्य संघात होता, त्याने पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत विजयाची चव चाखलीच नाही. शनिवारी हरायचे, रविवारी अंग शेकायचे, सोमवारी वर्गात बसायचे आणि दुपारी पुन्हा सरावाला जायचे. शिष्यवृत्ती नाही, की ती जाईल म्हणून खेळावे. पुढे व्यवसाय म्हणून खेळायची शक्यता फारच थोडी. मग कशासाठी? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता.

तो छळत होता याला कारण होते. मी आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीचा सभासद आहे. मराठीचा मास्तर आणि जिमखाना यांचा संबंध काय, असे विचाराल, तर समितीला सात सह्या लागतात आणि मी नाही म्हणायला लाजतो, इतकाच. आमचा कबड्डीचा संघ सहा वर्षे पहिल्याच फेरीत गारद होत आला आहे. गेल्या वर्षी समितीपुढे विषय आला, की हा संघ बंद करावा आणि ते पैसे जिंकणाऱ्या खेळांना द्यावेत. पैसे तरी किती? दहा-बारा गंज्या, गुडघ्याच्या पट्ट्या, एस. टी. चे भाडे आणि माणशी दोन केळी. तरी कागदावर हिशेब बिनचूक होता. एक सहकारी म्हणाले, "सहा वर्षांचं फलित काय, ते एका आकड्यात सांगा." आकडा शून्य होता. कोणी काही बोलेना.

संघनायक दाराबाहेर उभा होता. हा मुलगा पहाटे दुधाच्या पिशव्या टाकतो, मग वर्गाला येतो, आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत मैदानावर असतो. मराठीच्या तासाला तो शेवटच्या बाकावर झोपतो. मी त्याला उठवत नाही. त्याला आत बोलावून विचारले, "अरे, दर वर्षी हरता. मग खेळता कशाला?" तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हरल्यावर सगळे एकाच गाडीनं परत येतो ना, ते बरं वाटतं."

मी त्या सभेत कोलंबियाची गोष्ट सांगितली. मास्तरांच्या सभेत गोष्ट सांगणे म्हणजे चहा येईपर्यंतचा वेळ काढणे, असे काहींना वाटले असेल. पण गोष्ट अशी आहे :

१९८८ च्या हंगामातले पहिले तीन सामने कोलंबिया हरले. बेरीज करा : दोन, नऊ, दहा, दहा, दहा आणि तीन. चव्वेचाळीस. ८ ऑक्टोबर १९८८, शनिवार. चौथा सामना, समोर प्रिन्स्टन. प्रिन्स्टनचा क्वार्टरबॅक कोण? तर जिम गॅरेट यांचा मुलगा जेसन, जो पुढे डलास काउबॉइज या नामांकित व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. प्रिन्स्टन १३-९ ने पुढे होते. साठ मिनिटांतली शेवटची पाच मिनिटे उरली असताना सॉलोमन जॉन्सन दोन यार्ड रेटून रेघेपार गेला. १६-१३. शेवटी प्रिन्स्टनने बरोबरीसाठी दुरून लाथ मारली. चेंडू खांबांमधून गेला नाही. घड्याळ संपले आणि लोक मैदानात धावले. जवळजवळ पाच वर्षांनी कोलंबियाच्या वहीत जमेच्या बाजूला एक आकडा पडला.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे सांगता आले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण वही तसे म्हणत नाही. त्या हंगामात त्यांनी दोनच सामने जिंकले. पुढे २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे पुन्हा दहापैकी दहा पराभव. २०१२ चा शेवटचा सामना आणि २०१५ चे पहिले तीन धरले तर सलग चोवीस. ही साखळी तुटली तीही हंगामातल्या चौथ्या सामन्यात, १० ऑक्टोबर २०१५ रोजी, वॅग्नर कॉलेजला २६-३ ने हरवून. त्या वेळी प्रशिक्षक होते अल बॅग्नोली. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच संघाने दहापैकी आठ सामने जिंकले. आणि हरण्याच्या विक्रमाबाबत सांगायचे तर कोलंबियाचा चव्वेचाळीसचा आकडाही टिकला नाही. टेक्सस राज्यातील प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाने १९८९ ते १९९८ या काळात सलग ऐंशी सामने हरून तो केव्हाच मागे टाकला. तेही २६ सप्टेंबर १९९८ रोजी जिंकले : १४-१२. दोन गुणांनी का होईना, जिंकले.

समितीत मी एवढेच म्हणालो, की कोलंबियाला एकदा संघ बंद करता आला होता. १९०५ मध्ये केलाच होता, कारण तेव्हा मुले मरत होती. हरत होती म्हणून त्यांनी तो कधी बंद केला नाही. या दोन कारणांतला फरक ज्याला कळतो त्याने बंद करण्याच्या बाजूने खुशाल हात वर करावा. हात वर झाले. एक जास्त निघाला तो संघ चालू ठेवण्याच्या बाजूचा. यंदा आमची मुले पहिल्याच फेरीत दोन गुणांनी हरली. गेल्या वर्षी एकवीस गुणांनी हरली होती. समितीच्या इतिवृत्तात दोन्ही आकडे शाईने लिहिले आहेत. एस. टी. तून परत येताना मुले गात होती, असे आमचे शारीरिक शिक्षणाचे सर सांगत होते.

हे सांगण्यात पराभवाचे कौतुक करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. हरणे वाईटच, जो हरला त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. निकालाच्या दिवशी घराघरांतून जी शांतता पसरते ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. शेजारच्या मुलाचे टक्के सांगणारा पाहुणा नेमका त्याच दिवशी येतो. मुलगा आतल्या खोलीत असतो आणि बाहेर आपण त्याचा जमाखर्च एका आकड्यात मांडून मोकळे होतो. तो आकडा खोटा नसतो. पण एका सामन्याच्या आकड्यावरून आपण सबंध वहीचा निकाल लावतो, आणि वही मिटून टाकतो. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो तो घड्याळ थांबते म्हणून. घरच्या घड्याळालाही अधूनमधून थांबता आले पाहिजे. पडलेल्याने उठावे, कपडे झटकावे, चार माणसांत उभे राहून कानगोष्ट करावी आणि पुन्हा रांगेत यावे, एवढी उसंत त्याला मिळाली तर उरलेला खेळ तो खेळतो.

कोलंबियाच्या वहीतले अलीकडचे एक पान वाचून दाखवतो आणि आपली रजा घेतो. २०२४ चा हंगाम, २३ नोव्हेंबरचा शनिवार. कोलंबियाने कॉर्नेलला १७-९ असे हरवले. पण तेवढ्याने भागणार नव्हते. पहिल्या स्थानावरचे हार्वर्ड आणि डार्टमथ हे दोघेही त्याच दिवशी हरायला हवे होते. येलने हार्वर्डला ३४-२९ ने हरवले. ब्राउनने डार्टमथला २८-२५ ने हरवले. तिघे बरोबरीत आले आणि अजिंक्यपद तिघांनी वाटून घेतले. कोलंबियाच्या वाट्याला ते १९६१ नंतर प्रथमच, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी आले. प्रशिक्षक जॉन पॉपी यांचा तो पहिलाच हंगाम होता.

त्रेसष्ट वर्षांत या संघातून जी मुले खेळून गेली, त्यांतली कितीतरी आता आजोबा झालेली असतील. त्यांच्या वाट्याचे पद दुसऱ्यांच्याच हातून आले. पण त्यांनी मधली पाने कोरी सोडली असती, तर हे पान लिहायला वहीच उरली नसती.